डबलबेलबाई थांबतात

माणसं वकिलीकडे वळतात त्याच्या मोठमोठ्या गोष्टी असतात. कुणाचे वडील वकील असतात, कुणाला अन्याय बघवत नाही, कुणाला नुसता काळा कोट शोभतो. डबलबेलबाई वकिलीकडे वळल्या त्या 'पण' या दोन अक्षरांपायी. आणि पुढे तेच 'पण' त्यांनी दुसऱ्या एका बाईच्या तोंडातून हिसकावून घेतलं. हे त्या स्वतःच सांगतात, आणि असं चवीने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई शेजारणीची फजिती सांगते आहे.

बाई बसच्या कंडक्टर. एकवीस वर्षं झाली. घंटेची दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. एवढ्या वर्षांत बाईंच्या हाताला दोनदा ओढायचीच सवय लागली, कारण थांबायचं कसं हे प्रवाशांना आपोआप कळतं, निघायचं मात्र कुणीतरी सांगावं लागतं, असं त्यांचं मत. नवरा ड्रायव्हर. लग्नाआधी चार वर्षं तो त्यांच्या घंटेवर गाडी हाकत होता, लग्नानंतर संसार. जेवण झालं की बाई ताटावर चमच्याने टक् टक् करतात आणि नवरा हात धुवायला उठतो. तो बिचारा म्हणतो, मला तर आता दोन शिंका आल्या तरी पहिला गिअर टाकावासा वाटतो.

तर 'पण'ची गोष्ट. एकदा एक म्हातारे गृहस्थ चुकीच्या थांब्यावर उतरले आणि भर रस्त्यात गोंधळून उभे राहिले. बाईंनी पुढे जाऊन गाडी थांबवली, उतरून मागे गेल्या, त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं, योग्य बसची वाट दाखवली आणि परत आल्या. अकरा मिनिटं गेली. कुणा प्रवाशाने तक्रार केली. चौकशीला बसलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "गाडी थांबवली तिथे थांबा होता का? हो की नाही?"

"नाही, पण..."

"पण नको. नाही, एवढंच लिहा."

आणि कारकुनाने एवढंच लिहिलं. नोंदवहीत शेरा बसला. बाईंना शेऱ्याचं एवढं वाटलं नाही, 'पण' खोडलं गेलं त्याचं वाटलं. तीन रात्री त्यांनी नवऱ्याला झोपू दिलं नाही. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, माझ्यासमोर वाद घालून काय मिळणार? कायदा शीक आणि त्यांच्यासमोर घाल." तो वैतागून बोलला होता, आणि बाईंनी ते मनावर घेतलं. नवऱ्याने आयुष्यात एकच सल्ला दिला आणि तो अंगलट आला, असं तो अजून सांगतो.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी बाई संध्याकाळच्या लॉ कॉलेजात जाऊन बसल्या. वर्गातल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात 'डबलबेलबाई' नाव ठेवलं, कारण प्राध्यापक एखाद्या मुद्द्यावर जरा रेंगाळले की मागच्या बाकावरून पेनाचा आवाज यायचा, टक् टक्. घरी मुलगी त्यांना 'मिलॉर्ड' म्हणू लागली. "मिलॉर्ड, माझा निळा ड्रेस इस्त्रीला दिला होता का, हो की नाही?" बाई म्हणायच्या, "नाही, पण..." आणि दोघी हसायच्या. म्हणजे एवढं सगळं डोक्यात पक्कं होतं. तरी पुढे व्हायचं ते झालंच.

शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दुपारी मोफत सल्ला केंद्रात बसावं लागे. खऱ्या माणसांची खरी भांडणं ऐकायची, अर्ज लिहायचे, आणि मॅडमना दाखवायचे. मॅडम म्हणजे केंद्राच्या वकील. बारीक, शांत, कानामागे पेन्सिल. केंद्र एका जुन्या कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत. एक टेबल, चार खुर्च्या, त्यातली एक कुणी वजनदार बसला की कुरकुरणारी, आणि दारावर पाटी: 'मोफत विधी सहाय्य'. शेजारचं दार स्वच्छतागृहाचं. त्यामुळे दिवसातून दोन-तीन जण घाईघाईने आत येत आणि पाटीकडे बोट दाखवून विचारत, "इथेच का?" बाई त्यांना हात करून पुढचं दार दाखवत. पुढे जा म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

टेबलावर छापील फॉर्म. दहा चौकोन. नाव, पत्ता, विरुद्ध पक्ष, तक्रार काय, कागदपत्रं कोणती. बाईंना फॉर्म फार आवडला. बसमध्ये तिकिटं फाडायच्या तशा झपाट्याने त्या फॉर्म भरू लागल्या. बाकीची पोरं तासाला एक माणूस ऐकत, बाई चार. पहिल्या महिन्यात त्यांना वाटलं, आपण उगाच एकवीस वर्षं दोरी ओढत बसलो.

अशा एका दुपारी काजं-बटणांच्या आजी आल्या. शिंप्यांकडून शर्टांचे गठ्ठे आणायचे, हाताने काजं करायची, बटणं लावायची, गठ्ठे परत न्यायचे, हा त्यांचा धंदा. एका इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली, तिथेच राहणं, तिथेच काम. वय सत्तरच्या पुढे. मांडीवर एक कापडी पिशवी, ती त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

मामला असा होता. इमारतीची जुनी मालकीण, जिला आजी 'मोठ्या बाई' म्हणायच्या, वारली. इमारत तिच्या पुतण्याकडे आली. पुतण्याचं म्हणणं, ही म्हातारी भाडेकरू नाहीच. काकूने तिला जिना झाडायला, इमारतीवर लक्ष ठेवायला ठेवलं होतं. काम संपलं, खोलीही संपली. महिन्याच्या आत खोली मोकळी करा. भाडे अधिकाऱ्यापुढे तारीख लागली होती. आजी भाडेकरू ठरल्या तर खोली राहणार, नोकर ठरल्या तर रस्ता. मधलं काही नव्हतं.

"भाडेकरार आहे का? हो की नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही, पण..."

"भाड्याच्या पावत्या?"

"नाहीत. मोठ्या बाईंच्या हातात द्यायचे. पण हे बघा..." आजींनी पिशवीत हात घातला आणि दोरा गुंडाळलेली एक कागदाची घडी बाहेर काढली. निळ्या दोऱ्याची.

बाईंनी घड्याळ पाहिलं. बाहेर बाकावर तिघं बसले होते. "आजी, सामान आत ठेवा. दोरे-बिरे नंतर बघू. पुढे चला."

हे शब्द तोंडातून गेले तेव्हा बाईंना काही म्हणता काही वाटलं नाही. आजींनी घडी पिशवीत ठेवली आणि मुकाट्याने पुढच्या चौकोनाची उत्तरं दिली. सतरा मिनिटांत फॉर्म पुरा. कागदपत्रांच्या चौकोनात बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरंक'. 'काही नाही'साठीचा हा सरकारी शब्द त्यांना नुकताच सापडला होता आणि कुठे वापरू कुठे नको असं झालं होतं.

मग बाईंनी अर्ज लिहिला. साडेतीन पानं. त्यात 'सदर' एकोणीस वेळा होतं. 'सदर अर्जदार सदर खोलीत सदर कालावधीपासून' अशी वाक्यं त्यांनी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. नवरा म्हणाला, "छान आहे. पण हा सदर कोण? तो खोली सोडत का नाही?"

मॅडमनी अर्ज वाचला, कानामागची पेन्सिल काढली, आणि काही न लिहिता परत कानामागे ठेवली. हे वाईट लक्षण होतं.

"बाई, यात खोली आहे, कायदा आहे, सदर तर भरपूर आहेत. ती म्हातारी कुठे आहे?"

"कागदच नाहीत तिच्याकडे, मॅडम. निरंक."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारलं ना. हो की नाही विचारलं."

मॅडम म्हणाल्या, "तारखेला आठ दिवस आहेत. जाऊन खोली बघून या. आणि घड्याळ इथे ठेवून जा."

बाई गेल्या. घड्याळ मनगटावरून काढून खरंच टेबलावर ठेवलं, कारण मॅडम तिथेच उभ्या होत्या. गल्लीच्या टोकाला ती इमारत, तळमजल्यावर दोन पायऱ्या उतरून दार. दार लोटलेलं. बाईंनी ढकललं आणि आत शिरल्या. उभ्या जन्मात त्यांनी दाराशी थांबून कुणाची वाट पाहिली नव्हती, लोकच त्यांच्या दाराशी लोंबकळत.

आजी खिडकीपाशी सुई घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दार वाजवायचं असतं. मोठ्या बाईसुद्धा विचारून यायच्या."

बाई ओशाळल्या. सवयीने 'पुढे चला' तोंडात आलंच होतं. पण या वेळी डोक्यात काहीतरी अडकलं. मालकीण विचारून यायची? स्वतःच्या इमारतीत? नोकराच्या खोलीत कुणी विचारून जातं का?

"विचारून म्हणजे कसं, आजी?"

"चिठ्ठी टाकायच्या दाराखालून. त्यांना सारखा जिना उतरवत नसे, मग कामाच्या मुलीबरोबर पाठवायच्या. मी हो म्हटलं की मग यायच्या."

"त्या चिठ्ठ्या काय केल्यात?"

आजींनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, एवढं साधं कसं कळत नाही याचं. "तुम्हाला दाखवायला आणली होती की एक. दोऱ्याखाली."

काजाचा दोरा लडीत येतो. तो सुटला की गुंता, म्हणून आजी तो जाड कागदाच्या घडीवर गुंडाळून ठेवायच्या. मोठ्या बाई जाड, पिवळसर कागद वापरायच्या. आजींनी एक चिठ्ठी कधी फेकली नाही. पत्र्याच्या दोन डब्यांत पंचेचाळीस घड्या होत्या, काळ्या, पांढऱ्या, निळ्या, तपकिरी. पंचेचाळीस कागदपत्रं, आणि फॉर्ममध्ये 'निरंक'. बाई म्हणतात, त्या वेळी कुणी मला त्या डब्यात घालून वरून झाकण लावलं असतं तर मी आभार मानले असते.

पण दोरा उलगडल्याशिवाय चिठ्ठी निघणार कशी? आणि उलगडलेला दोरा ठेवणार कुठे? आजींनी बाईंना समोर बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले, आणि दोरा त्यांच्या पंजांभोवती घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दोऱ्यानंतर बाईंना नाक खाजवता येईना. तिसऱ्यानंतर हात हलवायचीही सोय राहिली नाही. एकवीस वर्षं ज्या हातांनी लोकांना पुढे ढकललं ते हात बांधले गेले, आणि मग आजी बोलू लागल्या. घाई अजिबात नव्हती. प्रत्येक चिठ्ठीची गोष्ट वेगळी. बाईंना ऐकण्यावाचून दुसरं काही करताच येत नव्हतं.

'उद्या दुपारी नळवाला आणू का? तुम्हाला सोयीचं नसेल तर परवा.'

'तुमच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे असं वरून वाटतं. बघायला येऊ का?'

'किल्ली तुमच्याकडेच असते हे मी विसरले आणि सुताराला परत पाठवलं. कधी येऊ दे ते कळवा.'

जिना झाडण्याचा कुठे उल्लेख नव्हता. जिना एक झाडूवाला झाडायचा, त्याचीही एक चिठ्ठी निघाली. 'झाडूवाला तुमच्या उंबऱ्यावर कचरा लोटतो म्हणालात, त्याला सांगितलं आहे.'

शेवटून दुसरी घडी पांढऱ्या दोऱ्याची होती. ती उलगडताना आजी थांबल्या. "ही नको द्यायला."

बाईंनी वाचू का म्हणून विचारलं. हो, विचारलं. आजींनी कागद त्यांच्यासमोर धरला. 'दोन दिवस दार बंद दिसतं. माझ्यावर रागावलात का? रागावला असाल तर ठीक, पण जेवलात ना, एवढं कळवा.'

"कशावरून रागावला होतात?" बाईंनी विचारलं.

"ते आता आठवत नाही गं," आजी म्हणाल्या. "चिठ्ठी आहे म्हणून कळतं की रागावले होते."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात बांधलेले असल्यामुळे पुसता आलं नाही. आजींनी स्वतःच्या पदराने पुसलं, आणि वर म्हणाल्या, "नाक पण वाहतंय." तिथे बसल्या बसल्या बाईंना तो चौकशीचा अधिकारी आठवला. त्याला त्या इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होत्या, आणि परवा टेबलामागे तोच बसला होता. त्याने फक्त साडी नेसली होती.

ती पांढऱ्या दोऱ्याची चिठ्ठी आजींनी ठेवून घेतली. बाकीच्या चव्वेचाळीस दिल्या.

तारखेच्या दिवशी भाडे अधिकाऱ्याच्या खोलीत एका बाजूला पुतण्या आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आजी, मॅडम आणि बाई. विद्यार्थ्यांना मॅडमच्या देखरेखीखाली काम चालवायला परवानगी होती. आदल्या दिवशी बाईंनी आरशासमोर भाषण पाठ केलं होतं. त्यात 'सदर' एकही नव्हतं, त्यामुळे त्यांना उघडंउघडं वाटत होतं. मुलगी म्हणाली, "मिलॉर्ड, श्वास घ्यायला मधे थांबे ठेव."

अधिकारी कामाच्या ओझ्याने वाकलेला माणूस. फाईल उघडून त्याने आजींना थेट विचारलं, "भाड्याच्या पावत्या आहेत का? हो की नाही?"

"नाही, पण..."

"पण नको, आजी. पुढे..."

टक्.

बाईंच्या पेनाचा टेबलावर आवाज झाला. एकदाच. त्यांच्या आधी त्यांच्या हाताला कळलं होतं. सगळी खोली त्यांच्याकडे बघू लागली, मॅडमसुद्धा. पाठ केलेलं भाषण केव्हाच पळून गेलं होतं.

"साहेब, थांबा," बाई म्हणाल्या. "म्हणजे, थांबावं. माफ करा. त्यांचं 'पण' ऐकून घ्या. मी पहिल्यांदा ऐकलं नाही. त्यांनी पुरावा माझ्यासमोर धरला होता आणि मी त्यांना तो पिशवीत ठेवायला लावला. फॉर्ममध्ये निरंक लिहिलंय ते माझं अक्षर आहे. चूक माझी आहे, त्यांची नाही. सगळं त्या 'पण'च्या पुढे आहे."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "बोला, आजी."

आजी बोलल्या. लडीपासून सुरुवात केली, दोरा कसा सुटतो इथून. पुतण्याच्या वकिलाने दोनदा घसा खाकरला, तिसऱ्यांदा पुतण्यानेच त्याला हाताने गप्प केलं. चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या गेल्या, घड्यांच्या कडांवर दोऱ्याचे वळ तसेच. अधिकाऱ्याने एक उचलून पुतण्यापुढे धरली. "अक्षर ओळखता का?"

पुतण्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. तो काही दुष्ट माणूस नव्हता, त्यालाही कुणीतरी फॉर्म भरून दिला होता. "काकूचंच आहे," तो म्हणाला. "मलाही अशाच चिठ्ठ्या यायच्या. अभ्यासाच्या खोलीच्या दाराखालून."

बाहेर आल्यावर आजींनी विचारलं, "ते टेबलावर काय वाजवलंस?" बाईंनी समजावलं, एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आजींनी मान हलवली, आणि बसथांब्यापर्यंत वाटेत पिशवीवर बोटाने एक, दोन, एक, दोन असं वाजवून पाहिलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मॅडमनी तो वाचून बाईंकडे सरकवला. आत एक वाक्य होतं: 'मालकीण ज्या दारात परवानगी मागून थांबत होती, त्या दाराआड राहणारी व्यक्ती नोकर होती असं म्हणता येत नाही.' खोली आजींचीच. पुतण्याला वर दाद मागता येणार होती, पण त्याच्या वकिलाचा निरोप आला की मागणार नाही. मॅडमनी कानामागची पेन्सिल काढली आणि बाईंच्या जुन्या फॉर्मवरचं 'निरंक' खोडून बाजूला लिहिलं, '४४'. बाई म्हणतात, परीक्षेत मला एवढे कधी मिळाले नाहीत.

निकालाची प्रत घेऊन बाई ड्यूटी संपल्यावर थेट आजींकडे गेल्या. चालत नव्हे, जवळजवळ पळतच. खाकी गणवेश तसाच, गळ्यात पिशवी तशीच. दोन पायऱ्या उतरल्या, दार लोटलेलं होतं, हात दारावर गेलाही होता. आणि मग त्यांनी तो मागे घेतला.

पिशवीतून केंद्राचा एक कोरा फॉर्म काढला. जाड कागद होता, दोरा गुंडाळायला बरा. पाठीवर लिहिलं: 'चांगली बातमी आहे. तुमच्या खोलीत येऊ का? सोयीचं नसेल तर उद्या येते.' घडी घातली आणि दाराखालून आत सरकवली.

आत सुईचं काम थांबल्याचं कळलं. कागद उचलल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. म्हातारीने चष्मा शोधला असेल, किंवा एक काज पुरं केलं असेल, किंवा मुद्दामच. वरून दोघं-तिघं जिना उतरून गेले, गणवेशातली कंडक्टर बंद दारासमोर का उभी आहे ते बघत गेले. बाईंचे पाय दुखत होते, दिवसभर उभ्या होत्या. तरी त्या थांबल्या. इतकं कुणासाठी त्या जन्मात थांबल्या नव्हत्या, अगदी नवऱ्यासाठीही नाही, आणि हे त्यांनी त्याला घरी जाऊन सांगितलंही.

मग आतून दारावर बोट वाजलं. टक् टक्.

बाई आत गेल्या.